अण्णांचा ठिपका

शर्वाणीच्या मनगटावर अण्णांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा ठिपका सलग सातव्या रविवारी हिरवाच राहिला. अण्णांच्या रक्तातून चरबी वाहून नेणारे कण वाढले की तो पिवळा व्हायचा, आणि घरातल्या सगळ्यांच्याच मनगटांवर एकदम दिसायचा. आई होती तोवर रविवारच्या वरणभातानंतर दोन तासांत तो हमखास पिवळा होई. मग शर्वाणी पुण्याहून फोन करी, "अण्णा, किती चमचे तूप?"

"एकच गं."

"एकच कसलं? चांगले तीन!" मागून आई ओरडायची.

आई गेली आणि ठिपका हिरवा झाला. डॉक्टर खूश झाले, शर्वाणीनेही शाबासकी दिली. पण अण्णा नीट जेवतात की नाही, या काळजीने आता तिला राहवेना. आठव्या रविवारी ती जेवणाच्या वेळेला सांगलीच्या घरी हजर झाली. अण्णा नुसताच वरणभात चिवडत होते. फळीवर आईने शेवटचं कढवलेलं तूप बरणीत तसंच होतं.

"पथ्य नाही गं हे," अण्णा हळूच म्हणाले. "ते संपलं, की तिच्या हातचं काहीच उरणार नाही."

शर्वाणीने झाकण उघडून वास घेतला. "अजून ठेवलंत तर खवट होईल. आईला चाललं असतं?"

अण्णांनी ताट पुढे केलं.

दोन तासांनी ठिपका पिवळा झाला आणि लगेच नागपूरहून भावाचा फोन आला. "ताई, अण्णांनी किती चमचे तूप खाल्लं?"

"एकच रे."

"एकच कसलं?" मागून अण्णा ओरडले. "चांगले तीन!"