इतवाऱ्यातलं घर

घर समाधानच्या मनात भरलं होतं, पण भाव परवडत नव्हता. दलाल त्याच्या कानाशी लागला. "दुसरी पार्टी संध्याकाळी येऊन राहिली, भाऊ. म्हातारीचा पोरगा इथंच गेला, तेच बोला. भाव आपोआप उतरतो."

समाधान खाली बघत बोलला, "जवान मौत झालेलं घर कोण घेतं, मावशी?"

घरमालकीण सखूबाईंनी वाद घातला नाही. नवऱ्याकडे पाहिलं आणि समाधान म्हणाला त्या भावाला मान डोलावली. दलालानं समाधानच्या पाठीवर थाप मारली.

सोबत आलेल्या समाधानच्या बायकोला पाचवा महिना होता. तिच्यासाठी सखूबाई ओटीचं ताट घेऊन आल्या, पण समोर येताच थबकल्या. मग तिचा हात धरून तिला उंबऱ्याबाहेर घेऊन गेल्या.

"इथं अंगणात भरते, पोरी. त्या घरात नको."