दगडावरच्या चपला

दोन वर्षांपूर्वी बुडालेल्या लेकाच्या चपला ज्या दगडावर सापडल्या, त्याच दगडावर शालनने आपल्या चपला काढल्या. पाण्यात बुडवून दिल्या जाणाऱ्या बाप्तिस्म्यासाठी डोंबिवलीच्या चर्चमध्ये हौद असूनही तिने खडवलीची ही नदीच मागितली होती. "अगं, जिनं पोरगा गिळला तिच्यातच देव शोधतेस?" काठावरून जाऊ ओरडली. शालन पाण्यात उतरली. कमरेएवढ्या पाण्यात तिचे पाय थिजले. "घाबरू नका ताई, मी धरलंय," तिच्याबरोबर उतरलेले चर्चचे पाळक म्हणाले. "माझ्या सूरजला कोणी धरलं होतं?" तिने विचारलं आणि स्वतःच म्हणाली, "देवानं धरलं असेल, असं मी दोन वर्षं घोकतेय. आज तुम्ही हात सोडा. मलाही तोच धरील." देवाचं नाव घेऊन पाळकांनी हात सोडले. ती खाली बसली, पाणी डोक्यावरून गेलं. ती खोकत, रडत काठावर आली. "या चपलांचं माणूस तरी परत आलं," म्हणत जावेने त्या तिच्या ओल्या पायांत घातल्या.