तीन शिवणींचं गवत

नळाजवळच्या एका मीटरच्या चौकोनात लव्हाळ्याची दोनशे चौदा रोपं होती, आंबुटीची एकसष्ट, गाजरगवताची नऊ. हरळीही होती, पण तिचा एक धागा कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हेच कळेना, म्हणून लेकीनं वहीत तिच्यापुढे नुसती फुली मारली. सगळ्यात खाली लिहिलं : लिली, शून्य.

चौकोन आखायला तिनं बाबांचा टेप घेतला होता. शिलाईचं दुकान बंद करून सहा वर्षं झाली, तरी टेप त्यांच्या गळ्यातच असायचा.

"झालं का मोजून? दे इकडे," बाबा म्हणाले. "मान उघडी पडल्यासारखी वाटते." टेप गळ्यात अडकवता अडकवता त्यांनी वहीत डोकावलं. "शून्य? शून्य म्हणजे?"

"आईची लिली उरली नाही, बाबा. लव्हाळ्यानं खाल्ली."

"नीट बघितलंस?"

"मी याचंच शिक्षण घेतलंय."

"ते खरंच म्हणा, मास्तरीणबाई."

आई गेल्यापासून अडीच वर्षांत बाबांनी मागचं दार उघडलं नव्हतं. तणाला रान मोकळं मिळालं. त्यातही लव्हाळा महाबिलंदर. उपटावा तर मानेशी तुटतो, जमिनीतली गाठ तशीच राहते आणि आठवड्यात एकाचे चार होऊन वर येतात. त्यावर लेकीचा उपाय ठरला होता. काळ्या प्लास्टिकचं भेंडोळं भिंतीला टेकून उभं होतं. ते अंथरायचं, कडा मातीनं दाबायच्या आणि उन्हाळाभर खालची जमीन तापू द्यायची. उद्या सकाळी तिची गाडी होती, म्हणजे जे काही करायचं ते आजच.

"त्याच्याखाली सगळंच मरतं?"

"सगळं. म्हणून तर घालायचं."

"सुक्याबरोबर ओलंही जळायचं मग."

"ओलं काही राहिलेलंच नाही, बाबा."

बाबा आत जाऊन एक बुटकं स्टूल घेऊन आले. हे आईचं बागेत बसायचं स्टूल. त्याचा एक पाय आखूड, आणि त्या पायाला बाबांनीच कधीतरी जाड कापडाचा मोजा शिवून घातलेला. ते चौकोनाच्या कडेला बसले. चष्मा काढून खिशात ठेवला आणि चक्क डोळे मिटले. मग पहिलं रोप अगदी बुडाशी चिमटीत धरून, सुईत ओवण्याआधी दोऱ्याचं टोक वळतात तसं वळलं.

"शिवण," ते म्हणाले आणि ते रोप सोडून दुसरं धरलं. "शिवण."

"हे काय चाललंय?"

"लव्हाळ्याला बुडाशी तीन शिवणी असतात. लिली बिनशिवणीची. तुझ्या आईनं शिकवलंय. फूल नसलं की पाती सारखीच दिसतात, डोळ्यांवर जाऊ नका म्हणायची." त्यांनी आणखी एक वळलं. "शिवण. दुपारी मी मशीन थांबवून पाय मोकळे करायला यायचो, तर मला इथे जुंपायची. म्हणायची, अहो, दिवसभर कापड चाचपता, जरा गवतही चाचपा. आणि मी निम्म्या वेळा लिलीच उपटायचो. मग म्हणायची, उसवलीत ना? आता तुम्हीच शिवा."

लेकीला मागच्या दाराची पायरी आठवली. तिथे बसून ती गृहपाठ करायची. मशीनचा आवाज थांबायचा आणि थोड्या वेळानं आईचा आवाज यायचा, "उसवलीत ना?" पाठोपाठ दोघांचं हसणं. तिला इतकी वर्षं वाटत होतं, ते एखाद्या गिऱ्हाइकाच्या बाहीबद्दल बोलायचे.

तिनं वहीकडे पाहिलं. लव्हाळ्याचं बूड तिकोनी असतं, हे कॉलेजात पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. आडवा छेद काढला होता तिनं, दहापैकी दहा गुण मिळाले होते. आज मात्र तिनं उभ्यानं, पेनाच्या टोकानं पाती मोजली होती.

"शिवण. शिवण." मग बाबांची बोटं थांबली. त्यांनी तीच काडी पुन्हा वळली. आणखी एकदा. "ही गोल आहे गं."

ती गुडघ्यांवर बसली. बूड तिनं बोटांत धरलं. गुळगुळीत, जरा मांसल, कुठेही धार नाही. पेनाच्या टोकानं हलकेच माती उकरली, तर खाली पातळ तपकिरी सालीतला, बोराएवढा कांदा.

"म्हणजे शून्य नाही," बाबा म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच होते.

"नाही."

"मग ते भेंडोळं?"

"राहू दे तिथेच."

त्यांनी शर्टाच्या खिशातून लाल दोऱ्याचं रीळ काढलं. दुकान सुटलं तरी खिसे सुटले नव्हते. एक तुकडा दातानं तोडून तिच्या हातात दिला. तिनं तो त्या रोपाला सैलसर बांधला, मग चौकोनाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आणि तिनंही डोळे मिटले.

नळ ठिबकत होता.

"शिवण," बाबा म्हणाले.

"शिवण," ती म्हणाली. "शिवण. बाबा, ही बघा बरं जरा."

"तूच सांग."

तिनं काडी पुन्हा एकदा बोटांत वळली. "दोरा द्या."

ऊन भिंतीवर चढून पलीकडे उतरलं, तेव्हा त्यांची बोटं चौकोनाच्या मधोमध एकमेकांना लागली. लेकीनं हात पुसले, वही उघडली, जुना आकडा खोडला आणि लाल दोरे दोनदा मोजून नवा लिहिला.

लव्हाळा, एकशे त्र्याण्णव. लिली, एकवीस.