मेरिगचा मेंढवाडा

मारेदच्या आईने दुसरं लग्न केलं आणि ती कार्डिफला राहायला गेली, त्या वर्षीचा सप्टेंबर. आजोबा अंगणात मेंढ्यांची खुरं तासत होते. मेंढी ढुंगणावर बसवलेली, तिची पाठ त्यांच्या गुडघ्यांना टेकलेली. मारेद दगडी कुंपणावर कागद घेऊन बसली होती.

“वाच,” आजोबा म्हणाले. “ही होईपर्यंत वाच. पुढचीला तुझी पाळी.”

कागद कॉलेजच्या अर्जाचा, इंग्रजीत होता. मारेद एकेक ओळ बघायची आणि आजोबांना, तिच्या ताइदला, वेल्शमध्ये सांगायची.

जनावरांच्या डॉक्टरकीच्या सगळ्या कॉलेजांनी गेल्या वर्षी तिला नकार दिला होता. गुण पुरेसे होते. एका कॉलेजातल्या बाई फोनवर म्हणाल्या, अनुभव सगळा घरचाच आहे, तो धरता येत नाही. आणि मेंढ्यांपलीकडे तुझं काही दिसत नाही. म्हणून या वर्षी शनिवारी रेक्समला बेवारस कुत्र्यांकडे, बुधवारी गायनमंडळात, जिथे ती नुसते ओठ हलवायची. आणि मेंढ्या विण्याच्या ऐन दिवसांत पंधरा दिवस शेजारच्या मेरिगकडे. त्या पंधरवड्यात इकडे आजोबा एकटे होते. बरीच कोकरं गेली. त्यावर दोघं कधी बोलले नाहीत. यंदाही जमलं नाही तर कार्डिफला, आईच्या नवऱ्याच्या रंगाच्या दुकानात बसायचं ठरलं होतं.

“‘एका पहाटे मेरिगच्या मेंढवाड्यात एक मेंढी अडली,’” मारेद वाचू लागली. “‘कोकरू आडवं होतं. मेरिगचा हात मोठा, आत जाईना. त्याने माझी बाही वर सारली आणि म्हणाला, डोळे मीट. आत अंधारच आहे. हाताला बघू दे.’”

सुरी थांबली.

“मेरिग म्हणाला असं?”

“नाही.”

“मेरिग जन्मात एका दमात इतकं बोललेला नाही.”

“तुम्ही म्हणाला होतात. मी नऊ वर्षांची होते. ती काळ्या तोंडाची मेंढी.”

“मग?”

“घरचं धरत नाहीत, ताइद.”

आजोबांनी मेंढीचा दुसरा पाय हातात घेतला, खुराच्या बेचक्यातली माती अंगठ्याने काढली. ते रागावले असते तर मारेदला बरं वाटलं असतं.

“शाळेतल्या बाई म्हणतात, एक तरी प्रसंग हवा, आयुष्य बदलणारा,” ती म्हणाली. “मेरिगकडे मी पंधरा दिवस शेण काढलं आणि त्याच्या बायकोच्या गुडघ्यांची गाऱ्हाणी ऐकली. ते काय लिहू?”

“त्याला सांगितलंस हे?”

“सांगितलं. म्हणाला, हवं ते लिही, सही करतो. फक्त मला वाचून दाखवू नकोस.”

आजोबा नाकातून हसले. मेंढीने सुटायला एक हिसडा दिला, तिला त्यांनी गुडघ्यांत दाबलं. मग खुराची उरलेली कड तासली.

“परत वाच,” ते म्हणाले.

तिने परत वाचलं.

“हाताचं बदल. मेरिगचा हात बायकांसारखा आहे. सगळं खोरं हसतं त्याला.”

“ते कॉलेजवाल्यांना कुठे ठाऊक?”

“मला ठाऊक आहे ना. अंगठा दुखावला होता, असं लिही. आणि आधी एक शिवी घाल.”

“शिवी चालत नाही, ताइद.”

“मग तो मेरिग नव्हेच.” त्यांनी मेंढी सोडली. ती अडखळत कळपाकडे पळाली. “आणि हात धुतल्याचं राहिलं. मी आधी तुला कोपरापर्यंत... मेरिगने. मेरिगने आधी तुला कोपरापर्यंत हात धुवायला लावले. ते घाल. डॉक्टर लोकांना ते आवडेल.”

मारेदने कागदाच्या कडेला लिहून घेतलं. अक्षर जरा तिरकं आलं.

“आता तू घे ती मागची,” आजोबा म्हणाले आणि पालथ्या बादलीवर बसले. “मी जरा बसतो.”

अर्ज ऑक्टोबरात गेला. मुलाखतीला मेरिगच तिला त्याच्या पिकअपमधून घेऊन गेला, कारण आता दुसरं कोणी नव्हतं. वाटेत तो अवाक्षर बोलला नाही. तिथे पोचल्यावर म्हणाला, “जा. मी आहे इथेच.”

टेबलापलीकडे दोघं होते, एक बाई आणि एक पिकल्या दाढीचे गृहस्थ. कुत्र्यांचं विचारून झालं. गाण्याचं विचारून झालं. मग दाढीवाल्यांनी कागद जवळ ओढला.

“हे तुमचे शेजारी,” ते म्हणाले. “हाताला बघू दे. मी हे घरी बायकोला वाचून दाखवलं. अजून पाळतात का मेंढ्या?”

खिडकीतून खालचं आवार दिसत होतं. पिकअपच्या टपावर डबा ठेवून मेरिग उभ्या उभ्या पाव खात होता.

“नाही,” मारेद म्हणाली. “ते गेले.”

“अरेरे. कधी?”

“नऊ नोव्हेंबरला. सकाळी.”

बाईंनी मान खाली घातली. दाढीवाल्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुढचा प्रश्न विचारला.

आजोबा, इडवाल प्रीस, नऊ नोव्हेंबरला सकाळी वरच्या कुरणात मेंढ्यांना गवत टाकताना गेले. वय एकोणऐंशी. मारेद त्या वेळी रेक्समला कुत्र्यांना आंघोळ घालत होती.