बेंबी कोरडी होईपर्यंत

काही कर्तव्यांना शेवट नेमून दिलेला असतो. त्यात नेमणाऱ्याचा दोष नसतो, कारण करणारे हात थोडे आणि वाट पाहणारी दारे पुष्कळ. परंतु आपले कर्तव्य जिथे संपते तिथेच समोरच्याची गरजही संपते, असे कोणालाही नेमून देता येत नाही. या दोहोंच्या मध्ये जी जागा उरते, तिथे भले माणूसही चुकते.

परिचारिका दिवसाआड सकाळी येत असे. बाळंतिणीच्या घरी जायचे, बाळाची नाळ पाहायची, ती गळून बेंबी कोरडी झाली की तक्त्यावर तसे नोंदवून भेटी थांबवायच्या, असा तिच्या खात्याचा नियम होता. तिसऱ्या मजल्यावरच्या या घरी आज तिची पाचवी खेप. घंटेला हात लावण्यापूर्वीच आतून कडी निघाली.

खुर्चीवरचे कपडे उचलून ती मोकळी करून ठेवली होती. घरात बाळ आणि बाळाची आई, एवढीच माणसे. नवरा जहाजावर नोकरीला. त्याचा फोन लागला तर लागला. शेजाऱ्यांची दारे अजून ओळखीची झाली नव्हती. आणखी सहा घरे व्हायची आहेत असे सांगून परिचारिकेने हात कोपरापर्यंत धुतले आणि ती उभ्यानेच बाळावर वाकली.

"काय बाईसाहेब, दिवसा झोपायचं आणि रात्री आईला नाचवायचं, असंच ठरलंय ना?"

बाळाची आई हसली नाही. आत्ताच डोळा लागलाय, आज कपडे सोडले नाहीत तर चालेल का, असे तिने विचारले. नाळ अजून आहे, अगदी तशीच आहे, असे तिने सांगितले. आणि कोणी विचारले नसताना पुन्हा सांगितले. तेव्हा परिचारिकेने दुपटे सोडले.

बेंबीवर जाळीदार कापडाची घडी ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेली होती. बेंबी उघडी ठेवायची, लंगोट तिच्या खाली दुमडायचा, तिला वारा लागू द्यायचा, हे सारे बाळाच्या आईने पहिल्याच दिवशी धड्यासारखे म्हणून दाखवले होते. परिचारिकेने कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पट्टीच्या कडा भिजवल्या आणि अलगद सोडवल्या. घडी वर आली, तिला चिकटून नाळेचा वाळलेला तुकडाही वर आला. तो केव्हाच गळालेला होता. गळाल्यावर पुन्हा जागेवर ठेवून वरून झाकलेला होता. खाली बेंबी ओलसर होती आणि भोवतीची कातडी लाल झाली होती.

परिचारिकेने वास घेऊन पाहिला, अंग तापले आहे का ते पाहिले, पोटावरून दोन बोटे फिरवली. लाली कातडीपुरतीच होती. मग तिने मान वर केली.

"परवा तुम्ही गेलात आणि दुपारी गळाली," आई म्हणाली. "इतका आनंद झाला, कोणाला तरी सांगावंसं वाटलं. तुम्हालाच सांगणार होते. मग लक्षात आलं, तुम्हाला सांगितलं की तुमचंही येणं संपलं."

परिचारिकेने बेंबी पुसली, कोरड्या कापसाने टिपली आणि तक्ता काढला. नाळ दोन दिवसांपूर्वी गळाली, पट्टीखाली ओल धरून कातडी लाल झाली, परवा पुन्हा भेट, असे तिने लिहिले. खोटे लिहिण्याची तिला सवय नव्हती आणि लपवून लिहिण्याचीही नव्हती. म्हणून लिहिलेले तिने वाचून दाखवले.

'पुन्हा भेट' हे शब्द ऐकताच आईचा चेहरा उजळला. अगदी क्षणभर. पण तो उजेड परिचारिकेने पाहिला. लाली आहे तोवर कोणीतरी येत राहील, हा विचार त्या चेहऱ्यावर उमटून गेला होता, आणि जिच्या चेहऱ्यावर तो उमटला तिला स्वतःला तो अजून कळलाही नव्हता.

परिचारिकेने पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेली, मग परत येऊन पिशवी खाली ठेवली.

"ऐक पोरी. परवा तुझं घर मी सगळ्यांत शेवटी घेते. बेंबी कोरडी असेल तर बसेन, तू बोलशील तेवढं ऐकेन. आणि लाल दिसली, तर तुम्हा दोघींना डॉक्टरांच्या दारात पोचवून तशीच पुढे जाईन. बसायचं नाव नाही."

आईने खाली पाहत मान हलवली.

"आणि त्याच्यापुढे?"

पुढच्या भेटी तक्त्यात नव्हत्या, आणि जे आपल्या हाती नाही त्याचे वचन परिचारिकेने आजवर कोणालाही दिले नव्हते.

"त्याच्यापुढचं परवा बोलू," ती म्हणाली. "बसून."

ती गेल्यावर घर पुन्हा पहिल्यासारखे शांत झाले. आईने लंगोट बेंबीच्या खाली दुमडला. उरलेली चिकटपट्टी कचऱ्यात टाकली, खिडकीचे एक दार उघडले आणि बाळाचे हात आपल्या दोन बोटांत धरून ती उशाशी बसून राहिली. बोलायला कोणी नव्हते, म्हणून ती नुसती पाहत राहिली.

त्या इवल्या बेंबीला वारा लागो. त्या दोघींच्या दारी परवाचा दिवस वेळेवर उजाडो, आणि जी यायची आहे तिचे पाय त्या दिवशी थकलेले नसोत.