शेवटचा फर्मा

"सात डोंगर पोखरले आणि उंदीरसुद्धा नाही," म्हणत लेकीने ते जाडजूड पुस्तक टेबलावर टाकलं.

बाबा नुकतेच कामावरून आले होते. बुटांचे बंद सोडता सोडता त्यांनी विचारलं, "एवढं वाईट आहे?"

"नाव मोठं, लक्षण खोटं. साडेचारशे पानं ती पोरगी आजारी आईसाठी जादूची मुळी शोधत फिरते. ड्रॅगनशी काय लढते, ढगांवरून काय चालते. शेवटी घरी येऊन दारावर थाप मारते आणि संपलं. दार उघडतच नाही."

"पुढच्या भागात उघडेल."

"वर्गातल्या सगळ्या रडल्या म्हणे. मला जांभई आली." शाईने माखलेली बोटं रुमालाला पुसत ती उठली. "आईजवळ गृहपाठ करते."

बाबा तिथेच बसून राहिले. छापखान्यात पुस्तकं बांधण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. या पुस्तकासाठी दुकानांपुढे रांगा लागल्या, आणि लेकीची प्रत तर त्यांनी स्वतःच्या हाताने शिवली. शिवण्याआधी जेवणाच्या सुट्टीत शेवट तेवढा वाचला, आणि सोळा पानांचा शेवटचा जुडगा, म्हणजे फर्मा, गुपचूप काढून घेतला. त्या पानांत दार उघडतं. मुळीचा उपयोग होत नाही. आई लेकीचा हात धरून निरोप घेते.

महिन्यापूर्वी बायकोला तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आता थोडेच दिवस आहेत. मुलीला सांगा."

"तिची अजून तयारी झालेली नाही," असं बाबांनी उत्तर दिलं होतं.

आता त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पोरीने वर्षभर ज्याची वाट पाहिली, ते पुस्तक लेखिकेने नव्हे, बापाने नासवलं होतं. पुस्तकाचं एक वेळ सोडा, आईचा निरोप घ्यायचे दिवसही आपण तसेच काढून घेतोय, हे त्यांच्या जिवाला लागलं. बऱ्याच वेळाने ते उठले. पिशवीच्या तळातून फर्मा काढून आतल्या खोलीत गेले. लेक स्वयंपाकघरात पाणी आणायला गेली होती.

त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं. "चुकलंच माझं. आज सांगू या तिला?"

बायकोने उशीखाली हात घातला आणि वहीची काही पानं बाहेर काढली. दोऱ्याने नीट शिवलेली होती. अक्षर लेकीचं होतं.

"मैत्रिणीच्या पुस्तकातून उतरवून घेतलं तिने. एक फर्मा कमी आहे हे पहिल्याच दिवशी ओळखलं. पोर कुणाची? रोज दोन पानं वाचून दाखवायची. आत्ताच संपलं."

"म्हणजे तिला..."

"सगळं ठाऊक आहे. तुम्हाला मात्र एवढ्यात कळू द्यायचं नाही म्हणाली. बाबांची अजून तयारी झालेली नाही."