पांढरी सावली

काम पार पडलं तर प्रोग्रॅम दुरुस्त करणाऱ्या इव्हनचा फायदा ठरलेला होता : एक जुनी तक्रार निकालात, आणि पुन्हा पार ब्लफ बंदराच्या टोकापर्यंत गाडी हाकण्यातून सुटका. तोटा कुठं दिसत नव्हता.

बिघाड तसा क्षुल्लक. तिथल्या समुद्री बचाव पथकाच्या रेडिओखोलीतल्या प्रोग्रॅममध्ये मेनूतली एखादी ओळ बंद असली की तिची अक्षरं करडी व्हायची, आणि कोरल्यासारखी दिसावीत म्हणून मागे बारीक पांढरी सावली पडायची. पांढऱ्या पडद्यावर ते शोभायचं. पण रात्रपाळीच्या डोळ्यांना बरं म्हणून इथं पडदा काळा केलेला, आणि काळ्यावर ती सावलीच लखलखायची. बंद ओळ चालू ओळींपेक्षा उजळ.

पथकाच्या सेक्रेटरी डेसनं त्याला दारातच गाठलं. रेडिओवर बसणाऱ्या नायरीचा मुलगा, रावीरी, कालवं काढायच्या होडीसकट बेपत्ता होता. पोलिसांनी शोध थांबवून तीन आठवडे झाले होते. तिला तसं सांगितलंही होतं. मेनूतली 'शोध पुढे चालू' ही ओळ तेव्हाच बंद झालेली, पण उजळ दिसतेय, म्हणून ती कुणाचं ऐकत नव्हती.

इव्हन म्हणाला, मग पुन्हा समजवा की.

"कुणाची छाती आहे? तू यंत्र नीट कर. यंत्राचं ऐकेल ती."

नायरीनं त्याला आपली खुर्ची दिली. यंत्र तुझं माझ्याहून म्हातारं झालंय, म्हणाली. रोज सकाळी ती ओळ दाबते, ढिम्म हलत नाही.

ती ओळ बंदच आहे हे सांगावं, असं इव्हनच्या ओठांवर आलं होतं. पण तो "बघतो, मावशी" एवढंच म्हणाला.

सावली काढायला फार वेळ लागला नाही. त्यानं मेनू पुन्हा उघडला. बाकी सगळ्या ओळी ठळक होत्या. एकच काळोखात बुडत चालल्यासारखी, जेमतेम वाचता येईल इतकी.

नायरीनं चष्मा पुसला. हात माउसवर गेला आणि तिथंच राहिला.

"आधीपासून बंद होती ही?"

"होती, मावशी. बंद दिसत नव्हती, एवढंच."

"हं." तिनं हात माउसवरून काढला. "डेसला म्हणावं, आता दिसतेय."

डेसला तिला सांगावं लागलं नाही, इव्हनची पुढची खेप टळली. दोघांच्याही सुटकेची किंमत नायरीनं भरली, आणि वर इव्हनला म्हणाली, लांब जायचंय तुला, चहा घेऊन जा.